श्रीरामपूरचा डावखुरा आणि सुधीर नाईक यांचा कारभार

मुंबई क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदासाठी २००१ साली अजित वाडेकर उभे राहिले आणि शरद पवारांकडून हरले. २०११ साली दिलीप वेंगसरकरांना विलासराव देशमुखांनी हरवलं, तर २०२२ साली संदीप पाटलांना अमोल काळे यांनी. हरलेले तिघेही कसोटीवीर. तरी क्रिकेटपटूला कारभार जमत नाही, हा निष्कर्ष चुकीचा ठरेल. मतपेटीपासून लांब, क्लबात आणि मैदानावर क्रिकेटपटूंनी केलेला कारभार पाहायचा, तर श्रीरामपूरपासून सुरुवात करावी.

भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं. प्रवरेच्या कालव्यांनी हा भाग उसाखाली आला आणि त्यावर श्रीरामपूरची बाजारपेठ वाढली. गावातल्या रेल्वे स्टेशनचं नाव मात्र अजूनही बेलापूरच आहे. झहीर खान इथला. १९७८ सालचा जन्म, वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका. अभियांत्रिकीला जायचं की चेंडू टाकायचा, हा प्रश्न घरात आला तेव्हा वडिलांनी चेंडूच्या बाजूने कौल दिला आणि सतराव्या वर्षी त्याला मुंबईला नेलं.

तिथे भेटले सुधीर नाईक. स्वतः तीन कसोटी खेळलेले; १९७४ साली एजबॅस्टनला पदार्पणातच दुसऱ्या डावात ७७ धावा. त्याआधी १९७०-७१ मध्ये गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर वेस्ट इंडीजला गेलेले असताना त्यांनी उरलेल्या मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला होता. अंतिम सामन्यात समोर महाराष्ट्र होता, ४८ धावांनी हरला. पण नाईकांचा खरा मोठेपणा बॅट ठेवल्यानंतरचा आहे. नॅशनल क्रिकेट क्लब चालवताना गावाकडून आलेल्या या डावखुऱ्या पोराचा वेग त्यांनी ओळखला, त्याला क्लबात घेतलं आणि मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये खेळवलं. पुढे चेन्नईचं एमआरएफ पेस फाउंडेशन, तिथून बडोद्याचा रणजी संघ, आणि ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत भारताची टोपी. श्रीरामपूरचा जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या हद्दीतला, पण पोरगा घडला मुंबईत आणि रणजी खेळला बडोद्याकडून. ही हुकलेली संधी महाराष्ट्राने विसरू नये.

नाईक पुढे वानखेडेचे क्युरेटर झाले. विश्वचषकासाठी स्टेडियम नव्याने बांधलं गेलं, तेव्हा खेळपट्टीची जबाबदारी त्यांचीच होती. २ एप्रिल २०११ च्या अंतिम सामन्यात त्याच खेळपट्टीवर झहीरने पहिल्या टप्प्यात पाच षटकं टाकली. तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. वीस चेंडूंत दोन धावांवर चाचपडणारा श्रीलंकेचा थरंगा स्लिपमध्ये सेहवागच्या हाती गेला. शेवटच्या षटकांत श्रीलंकेने झहीरला झोडपलं, आकडे १०-३-६०-२ झाले, तरी सुरुवातीचा तो दाब कुणी नाकारणार नाही. शिष्याचा चेंडू आणि गुरूने राखलेली जमीन असा योग क्रिकेटमध्ये क्वचितच येतो.

३११ कसोटी बळी घेऊन झहीर २०१५ साली निवृत्त झाला. त्यानेही निवडणुकीची वाट धरली नाही. २०१८ च्या अखेरीस तो मुंबई इंडियन्सचा क्रिकेट संचालक झाला आणि संघाने २०१९, २०२० अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली. २०२२ पासून फ्रँचायझीच्या जगभरच्या संघांसाठी खेळाडू घडवण्याचं काम त्याच्याकडे आलं. २०२५ च्या हंगामात तो लखनौचा मार्गदर्शक होता. नाईक एका क्लबात करत तेच काम, फक्त पसारा कितीतरी मोठा आणि पैसाही.

जिल्ह्याचा क्रिकेट कारभाराशी आणखी एक धागा आहे. याच जिल्ह्यातल्या कर्जत-जामखेडचे आमदार रोहित पवार जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी महाराष्ट्र प्रीमियर लीग नव्याने सुरू झाली. त्यामुळे राज्यातल्या खेळाडूंना मोठ्या मंचावर दिसण्याची संधी मिळाली. आता श्रीरामपूर, संगमनेर, पाथर्डीच्या मैदानांवर वेग ओळखणारा जाणता माणूस नेमून बसवायला हवा, आणि त्या कामासाठी संघटनेने निवृत्त रणजीपटूंनाच पगारावर घ्यावं.