पोरगं हाताबाहेर चाललंय, घरात रोजची भांडणं : कोणाकडे, कोणता अर्ज करायचा? जाणून घ्या सविस्तर

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. बांधाच्या आणि वाटणीच्या वादात ती बऱ्याचदा खरीही ठरते. मात्र पंधरा वर्षांच्या मुलीची सुपारी फुटली असेल, पोरगं शाळा सोडून नशेच्या नादी लागलं असेल किंवा नवरा रोज दारू पिऊन हात उचलत असेल, तर हीच म्हण घात करते. लोक ‘आज सुधारेल, उद्या सुधारेल’ म्हणत थांबतात आणि प्रकरण पोलीस ठाण्यात किंवा दवाखान्यात गेल्यावरच धावपळ सुरू होते.

प्रत्यक्षात कायद्यात असे अर्ज आहेत, जे वेळ हातात असतानाच करता येतात. ‘अमक्याला जेलात टाका’ ही त्यातली मागणी नसते. ‘लेकराला संरक्षण द्या, लग्न थांबवा, घराबाहेर काढू देऊ नका, खर्चाला पैसे द्या’ अशी मागणी असते. फक्त कोणत्या कामासाठी कोणतं दार ठोठवायचं, हे माहीत हवं.

सर्वात आधी : समिती वेगळी, मंडळ वेगळं

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ नुसार १८ वर्षं पूर्ण न झालेला प्रत्येक जण ‘बालक’ आहे, मग तो मुलगा असो वा मुलगी. या कायद्यात दोन वेगळी दारं आहेत.

१) बाल कल्याण समिती : ज्या मुलाला काळजी आणि संरक्षणाची गरज आहे, त्याच्यासाठी.

२) बाल न्याय मंडळ : ज्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्याच्यासाठी. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. अशा मुलाला २४ तासांत मंडळासमोर हजर करावं लागतं. त्याला पोलीस कोठडीत किंवा जेलमध्ये ठेवता येत नाही.

शाळा बुडवणं, घरातून निघून जाणं, आई-बापाचं न ऐकणं हा गुन्हा नाही. अशा पोराला ‘दम द्या’ म्हणून पोलीस ठाण्यात नेऊन बसवणं हा उपाय नव्हे. त्याची जागा समितीसमोर आहे.

बाल कल्याण समितीकडे कोण जाऊ शकतं?

समिती जिल्ह्याच्या पातळीवर असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, त्यामुळे तिचा आदेश हा सल्ला नसतो, तो पाळावा लागतो. कायद्याप्रमाणे समितीने महिन्यात किमान २० दिवस बसलं पाहिजे.

पुढीलपैकी काहीही असेल तर मूल समितीच्या कक्षेत येतं :

- घरात मारहाण, छळ किंवा दुर्लक्ष होत आहे
- आई-वडील नाहीत, किंवा आजारपण अथवा इतर कारणाने सांभाळू शकत नाहीत
- मूल घर सोडून गेलं होतं किंवा हरवलं होतं
- वीटभट्टी, हॉटेल, ढाबा अशा ठिकाणी बेकायदा कामाला जुंपलं आहे, किंवा भीक मागायला लावलं आहे
- नशेच्या किंवा मानवी तस्करीच्या जाळ्यात ओढलं जाण्याची शक्यता आहे
- वयाआधी लग्न लावलं जाण्याचा धोका आहे

मुलाला समितीसमोर पोलीस, सरकारी नोकर, डॉक्टर, नर्स, सामाजिक कार्यकर्ता किंवा गावातला कोणीही जागरूक माणूस नेऊ शकतो. विशेष म्हणजे मूल स्वतःही जाऊ शकतं. समितीसमोर हजर करायची मुदत प्रवासाचा वेळ सोडून २४ तास आहे. समिती त्या दिवशी बसलेली नसेल तर एका सदस्यासमोर हजर केलं तरी चालतं.

जिल्ह्याला जाणं जमत नसेल तर १०९८ हा क्रमांक लावा. तो मोफत आहे आणि रात्रीही चालू असतो. गावातही ग्राम बाल संरक्षण समिती असते. सरपंच, पोलीस पाटील किंवा अंगणवाडी सेविकेला विचारा.

समितीसमोर काय होतं?

बरेच आई-बाप घाबरतात की, ‘एकदा समितीकडे गेलो की पोरगं काढून घेतील.’ हा गैरसमज आहे. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायद्यातच लिहिलं आहे.

आधी समिती मुलाशी बोलते. मग घरची परिस्थिती पाहून सामाजिक तपासणी अहवाल तयार होतो, त्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे. अंतिम आदेश मूल पहिल्यांदा हजर झाल्यापासून चार महिन्यांत व्हावा, अशी अपेक्षा आहे. आदेश वेगवेगळे असू शकतात : मूल आई-वडिलांकडेच, पण देखरेखीखाली, आजी, मामा अशा योग्य व्यक्तीकडे, समुपदेशन, किंवा काही काळ बालगृह. आई-वडील नसलेल्या किंवा एकच पालक असलेल्या मुलांसाठी राज्यात बालसंगोपन योजना आहे, तिचा अर्जही याच वाटेने जातो. समितीचा आदेश पटला नाही तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं.

आणखी एक गोष्ट. पोराला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्यावरही याच कायद्याचं कलम ७७ लागतं. शिक्षा सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. त्यामुळे पोरावर राग काढण्याआधी त्याला पुडी देणारा कोण, हे बघा.

लग्न ठरलंय, मुलगी लहान आहे : मनाई हुकूम मागा

ऊसतोडीला जायचं, मागे पोरगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून लग्न उरकून टाकणारी घरं आपण पाहतो. अडचण खरी आहे, पण उपाय चुकीचा आहे. बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ नुसार मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा पूर्ण हवा.

लग्न व्हायच्या आधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाई हुकूम घेता येतो (कलम १३). बालविवाह प्रतिबंधक अधिकारी अर्ज करू शकतो, आणि माहिती असलेला कोणीही माणूस तक्रार करू शकतो. गावपातळीवर हा अधिकारी म्हणजे आपला ग्रामसेवक. हळद उद्यावर आली असेल तर समोरच्यांना नोटीस न देताही तात्पुरता हुकूम मिळू शकतो. हुकूम असताना लावलेलं लग्न कायद्याने मुळातच रद्द ठरतं. हुकूम मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि लग्न होऊनच गेलं असेल तर? तरीही वाट आहे. ते लग्न रद्द करून घेण्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात करता येतो. मुलीला हा अर्ज १८ पूर्ण झाल्यावर पुढची दोन वर्षं, म्हणजे वयाची २० वर्षं पूर्ण होईपर्यंत करता येतो. अल्पवयीन असताना पालक किंवा जवळची व्यक्ती बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यासोबत तिच्या वतीने अर्ज करू शकते.

मूल बेपत्ता झालं तर

‘चोवीस तास थांबा, येईल परत’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. अल्पवयीन मूल हरवल्यास गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला आहे. मूल सापडल्यावर परत घरी जायला घाबरत असेल तर तसं समितीला सांगा. पळून जाण्यामागे घरातलीच मारहाण असते, असंही घडतं.

मुलगी १८ च्या आतली असेल आणि ‘स्वखुशीने गेली’ असं सगळे म्हणत असले, तरी लैंगिक संबंध आल्यास पोक्सो कायदा लागतो. तिथे तिची संमती धरली जात नाही आणि गावकीत बसून प्रकरण मिटवता येत नाही.

घरात मारहाण, शिवीगाळ : संरक्षणाचा अर्ज

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ हा फक्त बायकोसाठी नाही. एकाच घरात राहणारी आई, बहीण, विधवा भावजय यांनाही तो लागू आहे. दारू पिऊन आईला मारणाऱ्या मुलाविरुद्धही अर्ज होतो.

अर्ज न्यायदंडाधिकाऱ्याकडे, कलम १२ खाली. बाईला स्वतः जमत नसेल तर संरक्षण अधिकारी किंवा तिच्या वतीने दुसरं कोणी अर्ज करू शकतं. सासर लांबच्या जिल्ह्यात असलं तरी हरकत नाही. ती सध्या माहेरी राहत असेल तर माहेरच्या तालुक्याच्या कोर्टातच अर्ज चालतो.

या एका अर्जात बरंच मागता येतं : मारहाण थांबवण्याचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी आणि ६० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, म्हणून अर्जासोबतच अंतरिम आदेश मागायला विसरू नका. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पोटगी आणि मुलांचा ताबा

पूर्वीचं ‘१२५’ आता बदललं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगीचा अर्ज होतो. बायको, मुलं आणि म्हातारे आई-वडील, तिघांनाही तो हक्क आहे. घटस्फोट झालेलाच असला पाहिजे असं नाही. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढायचा असतो.

नवरा-बायको वेगळे झाले आणि मुलं कोणाकडे राहणार यावर अडलं, तर ताब्याचा अर्ज मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात जातो. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे, तिथे ते काम तिकडे चालतं. हिंदू कायद्यात पाच वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे आईकडे राहतं. पण सर्वात वर एकच कसोटी : मुलाचं हित कशात आहे. बापाकडे जमीन जास्त किंवा आईला पगार आहे, एवढ्यावर निकाल लागत नाही. म्हणून शाळेच्या गेटवरून पोरगं उचलून नेण्याच्या फंदात कोणी पडू नये. त्याने स्वतःचीच बाजू कमकुवत होते.

वकिलाला पैसे नाहीत?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ नुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते. साध्या कागदावर अर्ज दिला तरी चालतो. हेल्पलाइन १५१००.

जाताना सोबत काय न्यायचं?

- वयाचा पुरावा : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत अथवा नगरपालिकेचा जन्मदाखला. बाल न्याय कायद्यातल्या वयाच्या पुराव्यांत आधार कार्ड येत नाही.
- मारहाण झाली असेल तर सरकारी दवाखान्याचे कागद
- पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच. तोंडी सांगून परत येऊ नका, पोच घ्याच.
- लग्नपत्रिका, मेसेज, कॉल रेकॉर्डिंग असेल तर जपून ठेवा
- पोटगीसाठी : सातबारा, पगारपत्रक, दुकान किंवा गाडीचे कागद, जे मिळेल ते

कागद जमले नाहीत म्हणून जायचं थांबू नका. धोका असेल तर आधी फोन, मग कागद.

हे क्रमांक मोबाईलमध्ये सेव्ह करा

मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीची पोलीस मदत ११२, मोफत कायदेशीर मदत १५१००.

आणि एक कळकळीची सूचना. ही माहिती गावच्या ग्रुपवर जरूर पाठवा, पण अडचणीतल्या मुलाचा किंवा मुलीचा फोटो, नाव, शाळा, गाव कधीही टाकू नका. प्रकरण समिती, मंडळ किंवा कोर्टापुढे असताना बातमीत मुलाची ओळख उघड करणं हा कायद्याने गुन्हा आहे. शिवाय ते लेकरू उद्या याच गावात, याच शाळेत परत यायचं असतं.