मधुमेह्याच्या ताटाचा इतिहास

मधुमेहाचा रोगी आणि त्याचे पथ्य यांचे भांडण फार जुने आहे. इंग्लंडच्या तोफखान्यातील शल्यवैद्य जॉन रोलो याने १७९७ मध्ये आपल्या दोन रोग्यांची हकीकत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांपैकी कॅप्टन मेरेडिथ हा एके काळी २३२ पौंड वजनाचा धिप्पाड गृहस्थ रोगाने १६२ पौंडांवर आला होता. रोलोने त्याला काय खावयास दिले? सकाळी दूध व चुन्याची निवळी, थोडा पाव व लोणी. दुपारी रक्त व चरबी यांचे पुडिंग. आणि मुख्य जेवणास शिकारीचे किंवा बरेच दिवस ठेवलेले उग्र मांस. मेरेडिथने ते गिळले व तो सुधारला. दुसऱ्या रोग्यास, एका सेनाधिकाऱ्यास, मात्र ते पथ्य पाळवेना. तो पूर्वीच्या खाण्याकडे वळला. त्याला दोष देणे सोपे आहे. पण वैद्याने त्या ताटाचा वास एकदा तरी घेतला होता काय, हेही विचारावयास हवे.

पॅरिसचा बूशार्दा त्या मानाने सहृदय. १८७०-७१ च्या वेढ्यात शहराचे अन्न तुटले, तेव्हा मधुमेह्यांच्या लघवीतील साखर कमी झाल्याचे त्याने पाहिले आणि कमी खाण्याचा उपदेश केला. तथापि हिरव्या भाज्यांना व पीठ धुऊन उरलेल्या चिकट भागाच्या पावाला त्याने ताटात जागा दिली.

न्यूयॉर्कच्या डॉ. फ्रेडरिक ॲलनच्या हाती हेच तत्त्व कठोर झाले. १९१४ नंतर त्याच्या रुग्णालयात रोग्यांना आधी उपास घडे. मग पाणी बदलून तीनदा उकडलेल्या भाज्या मिळत. तेथे १२ वर्षांचा एक अंध मुलगा होता. खोलीत कोंडूनही त्याच्या लघवीत साखर सापडे आणि कारण उमगेना. अखेर त्याने कबूल केले : आग्रहाने मागून घेतलेल्या कॅनरी पक्ष्याच्या पिंजऱ्यातील दाणे तो खात असे, दात घासण्याची पेस्टही खात असे. तो वाचला नाही. ॲलनने ही हकीकत स्वतःच नोंदवून ठेवली, हा त्याचा प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लिओनार्ड टॉमसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचले गेले आणि उपासाचे युग संपत आले. पण पथ्य संपले नाही. ते माणसाळले, त्याचे श्रेय लंडनच्या डॉ. आर. डी. लॉरेन्सकडे जाते. तो स्वतःच मधुमेही होता. १९२३ च्या मे महिन्यात, मरणाच्या दारातून, फ्लॉरेन्सहून परतून त्याने पहिली सुई घेतली. त्याने खाद्यपदार्थांचे दोन रंग कल्पिले. काळ्या यादीत पाव, बटाटे, फळे. प्रत्येकाच्या एका वाट्यात १० ग्रॅम कर्बोदके. तांबड्या यादीत अंडी, मांस, मासे, चीज. रोग्याने ठरलेल्या संख्येने वाटे उचलावेत. कोणते, ते त्याच्या आवडीवर. सफरचंद नको असेल तर संत्रे घ्यावे, बटाटा नको तर पाव. हुकूम नव्हे, निवड. १९५० मध्ये अमेरिकेतील संस्थांनी केलेल्या अदलाबदलीच्या याद्या याच कल्पनेच्या.

खाण्यात हट्टी असणाऱ्या मधुमेह्याच्या घरी आजही हीच युक्ती उपयोगी पडते. भातावाचून ज्याचा घास उतरत नाही, त्याचा भात एकदम बंद केल्यास तो रात्री डबे उघडतो. भात वाटीने मोजून ठेवावा आणि त्याच्या वाट्यातला थोडा भाग उद्या ज्वारीच्या भाकरीला, परवा हरभऱ्याच्या उसळीला द्यावा. नावडती भाजी प्रथम आवडत्या आमटीतून जावी, एकच चमचा. नको म्हटले तर चार दिवसांनी पुन्हा. इन्शुलिन घेणाऱ्याने मात्र ताट बदलताना औषधाचे मान डॉक्टरांना विचारल्याखेरीज राहू नये.

लॉरेन्स १९६८ मध्ये वारला. पहिल्या सुईनंतर तो ४५ वर्षे जगला.