पावकी ते औटकी : अपूर्णांकांच्या पाढ्यांची परंपरा

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर इंग्रजी अमलाखाली आलेले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरही मध्य प्रदेशातच राहिलेले पांढुर्णा व सौसर हे तालुके भाषेने मराठी मुलखाशी जोडलेले आहेत. या मुलखाच्या जुन्या शालेय परंपरेत पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे पावपासून साडेतीनपर्यंतच्या अपूर्णांकांचे पाढे, तालावर घोकून घेतले जात. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर असल्यामुळे हिशेब पाव-अर्ध्यात चाले. दीड रुपया भावाने सात शेरांचे साडेदहा रुपये होतात, हे उत्तर गुणाकार न मांडता ओठांवर येई.

फ्रेंच संज्ञानात्मक मानसशास्त्रज्ञ स्तानिस्लास दहेन यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या त्रिसंकेत प्रतिमानानुसार मन संख्या तीन रूपांत हाताळते : लिखित अंक, उच्चारित शब्द आणि राशीची अंदाजी जाणीव, त्यांपैकी पाढे मुख्यत्वे शब्दरूपात साठतात. घोकंपट्टीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोहोंचा उलगडा त्यातून होतो, कारण पाठ झालेला शब्दक्रम उत्तर तत्काळ देतो, पण राशीची समज मात्र स्वतंत्रपणे घडवावी लागते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि पुढे मेट्रिक मापे रूढ झाली, तेव्हा या पाढ्यांचा व्यावहारिक आधार सुटला. तरीही बाजाराच्या गरजेतून घडलेली ही स्मरणपद्धती गणितशिक्षणाच्या इतिहासात मानाच्या स्थानास पात्र आहे.