गर्दी डावीकडे, गोल उजवीकडे

‘फुटबॉल मॅनेजर’ या संगणकावरच्या खेळात स्वतःचे डावपेच आखणाऱ्यांना एका रचनेची भुरळ हमखास पडते. मैदानाच्या एका बगलेत आपले चार-पाच खेळाडू जमवायचे आणि तिथे प्रतिस्पर्ध्याला संख्येने भारी पडायचे. हाच ‘फ्लँक ओव्हरलोड’. पडद्यावर तो मांडायला काही मिनिटे पुरतात, पण त्यामागचा विचार घडायला काही दशके लागली.

या विचाराचे एक मूळ इटलीत सापडते. प्रशिक्षक एलेनियो एरेरा यांच्या इंटर मिलानने १९६४ आणि १९६५ साली युरोपियन कप जिंकला. कडेकोट बचावासाठी गाजलेला हा संघ मुद्दामच एका अंगाला झुकलेला होता. उजवा फुलबॅक बुर्निच सहसा जागा सोडत नसे. डावीकडे मारिओ कोर्सो कड सोडून आत सरके आणि त्या मोकळ्या पट्ट्यातून डावा फुलबॅक जाचिंतो फाकेत्ती मुसंडी मारी. बचावपटू असूनही त्याने १९६५-६६ च्या सेरी आ मोसमात १० गोल केले. एक फुलबॅक चढणारा, दुसरा राखणारा ही विभागणी पुढे इटलीत रुळली.

झुकलेल्या रचनेचा हा मानकरी फाकेत्तीच पुढे तिच्या जाळ्यात सापडला. २१ जून १९७० रोजी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर ब्राझील आणि इटली विश्वचषकाचा अंतिम सामना खेळत होते. इटलीचे बचावपटू आपापल्या माणसाला चिकटून राहत. फाकेत्तीच्या वाट्याला ब्राझीलचा उजवा विंगर जाइर्झिन्यो आला होता. ८६ व्या मिनिटाला ब्राझीलचा चेंडू डाव्या बगलेत होता. क्लोदोआल्दोने चार जणांना चकवून तो रिव्हेलिनोकडे दिला, त्याने पुढे जाइर्झिन्योकडे. जाइर्झिन्यो आपली उजवी बाजू सोडून इकडे आला होता आणि त्याच्यामागोमाग फाकेत्तीही. चेंडू पेलेकडे आला. पेलेने तो शांतपणे उजवीकडे सरकवला, तिथे अडवायला कोणीच नव्हते. कर्णधार कार्लोस अल्बेर्तो धावत आला आणि ४-१ झाले.

ओव्हरलोडचा सगळा अर्थ या गोलात आहे. गर्दी हे साधन, तिने रिकामी केलेली दुसरी बाजू हे साध्य. माणसाला माणूस न लावता आपापली जागा राखणारे आजचे संघही यातून सुटत नाहीत, कारण चेंडू जिकडे जातो तिकडे त्यांची सगळी फळी सरकते. प्रशिक्षक पेप ग्वार्दिओला यांनी हे सूत्र उघडपणे शिकवले: एका बाजूला गर्दी करून प्रतिस्पर्ध्याला ओढायचे आणि घाव दुसरीकडे घालायचा. याच कुळाची दुसरी शाखा ब्राझीलमध्ये फेर्नांदो दिनिस यांनी वाढवली. त्यांच्या फ्लुमिनेन्सेचे खेळाडू चेंडूभोवती दाटीने जमत आणि छोट्या पासांनी त्या दाटीतूनच वाट काढत. २०२३ साली त्यांनी बोका ज्युनियर्सला २-१ ने हरवून कोपा लिबर्तादोरेस जिंकला.

संगणकावर हा विचार हळूहळू उतरला. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्लिश भावांचा ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ १९९२ मध्ये आला. त्यात सामना फक्त शब्दांत उलगडे. ०१/०२ च्या आवृत्तीत चेंडू मैदानाच्या अमुक भागात असताना कोणी कुठे उभे राहायचे हे ठरवता येई, पण ती गर्दी डोळ्यांना दिसत नसे. २००३ मध्ये खेळाडू वरून पाहिलेल्या ठिपक्यांच्या रूपात पडद्यावर धावू लागले, तेव्हा आपण आखलेली बगल भरताना आणि समोरची फळी सरकताना प्रथमच दिसली. पुढे कॉलियर बंधूंच्या कंपनीने प्रकाशकापासून फारकत घेऊन २००४ मध्ये ‘फुटबॉल मॅनेजर’ आणला. २०१० च्या आवृत्तीत खेळाडूंना भूमिका नेमून देण्याची पद्धत आली. २०१८ च्या आवृत्तीत आलेला ‘मेझाला’, म्हणजे मधल्या फळीतून बगलेकडे सरकणारा खेळाडू, तर ओव्हरलोडसाठी जणू घडवलेलाच होता.

साध्य दुसरी बाजू आहे, म्हणून खेळात रचना आखताना रिकाम्या बाजूपासून सुरुवात करावी. उजवीकडे एकास एक झुंजीत बचावपटूला मागे टाकणारा विंगर निवडावा आणि त्याला कडेलाच ठेवावे. त्याच्यामागचा फुलबॅक सावध हवा, कारण चेंडू गमावला तर पलटवार त्याच मोकळ्या पट्ट्यातून येतो. मग डावी बाजू भरावी: चढणारा विंगबॅक, आत वळणारा विंगर, त्यांच्या जवळ मेझाला आणि खाली उतरून पास घेणारा सेंटर फॉरवर्ड. संघाला खेळ डावीकडून नेण्याची सूचना द्यावी. सगळ्यांत मोलाचा मधला सूत्रधार. त्याची नजर आणि पास उत्तम हवेत, आणि चेंडू दुसऱ्या बगलेत फिरवण्याची सवय अंगी असेल तर फारच चांगले. हा दुवा नसेल तर डावीकडची सगळी मेहनत तिथेच जिरते.

सामना संपल्यावर खेळाडूंच्या सरासरी स्थानांचा नकाशा आणि पासांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. उजवा विंगर एकटा दिसतो आणि त्याला चेंडूही मिळतो, तर रचना साधली. एकटा आहे पण चेंडू पोचत नाही, तर डावीकडे आणखी माणूस वाढवू नये, सूत्रधार बदलावा.