सूचना वाचली, सही केली

प्राथमिक शाळेत मुलं किती, हे पटावर लिहिलेलं असतं. मास्तर किती, हे मास्तरांच्या हजेरीबुकात असतं. पण रजिस्टरं किती, हे मात्र कुठल्याच रजिस्टरात सापडत नाही. दाखल-खारीज, टाचणवही, आवक-जावक, कॅशबुक, शेरेबुक, शिवाय मोडक्या खुर्च्या आणि तडा गेलेल्या घंटा नोंदवायचं ते डेडस्टॉक रजिस्टर. माझ्या आईनं शेलूबाजारच्या पंचक्रोशीतल्या शाळांतून तीसेक वर्षं मास्तरकी केली. (बाईमाणसाच्या नोकरीला मास्तरकी म्हणावं की नाही, हा प्रश्न त्या काळी कुणाला पडत नसे.) ती म्हणायची, "वह्या लिहून वेळ उरला तर मुलांना शिकवावं, असा नियम आहे." डेडस्टॉकची तपासणी निघाली की म्हणायची, "माझंही नाव घ्या त्यात एकदाचं. निदान वर्षातून एकदा कुणी मोजेल तरी."

या सगळ्या वह्यांत सूचना-वही मात्र वेगळ्या जातीची. बाकीच्या वह्या कपाटात बसून राहत, ही शाळाभर हिंडे. शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थना आटोपली की हेडमास्तर टेबलाशी बसून पुढच्या आठवड्याच्या सूचना लिहीत, आणि शिपाई हा प्राणी खेड्यातल्या शाळेला मंजूर नसल्यामुळं ती वही वर्गावर्गांतून फिरवण्याचा मान चौथीतल्या एखाद्या पोराला मिळे. 1970 च्या सुमारास काही महिने तो माझ्याकडे होता. वही हातात असली की कुठल्याही वर्गात न विचारता शिरता येई. आपल्या नुसत्या येण्यानं एकोणतिसाचा पाढा थांबतो, हे सुख पुढं आयुष्यात मला कशानंच दिलं नाही. एखाद्या गुर्जींचा सहीला हात जड असेल तर मी दरडावायलाही कमी करत नसे, "गुर्जी, मारा ना लवकर सही, मले आखीन तीन वर्ग हायेत!"

प्रत्येकाची सही करायची तऱ्हा निराळी. एक गुर्जी न वाचताच सही ठोकत आणि मग मलाच विचारत, "काय लिवलं बे?" दुसरे शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचत आणि शुद्धलेखन सुधारून सही करत. आईच्या हाताला नेहमी खडू. तिच्या सहीशेजारी अंगठ्याचा पांढरा ठसा उमटे.

वहीत मजकूर दोन तऱ्हेचा. पहिल्यात बातम्या : अमुक गुर्जी प्रशिक्षणाला जात आहेत, त्यांचा वर्ग शेजारच्या वर्गात बसवावा, तमुक बाईंची किरकोळ रजा. दुसऱ्यात उद्दिष्टं : उपस्थिती वाढवावी, अल्पबचतीचे पैसे जमा करावेत, मतदारयादीचं काम मुदतीत संपवावं. उपस्थितीची सूचना नेमकी कापूस वेचणीच्या दिवसांत येई. अर्धा वर्ग वावरात आणि वही म्हणते, गैरहजर मुलांच्या पालकांना भेटा. पालकही वावरातच असत. आई धुऱ्यावर उभी राहून भेटे, आणि परत येताना तिच्या ओच्यात ओंजळभर बोंडं असत.

बातम्यांसाठी खरं तर वहीची गरजच नव्हती. शेलू या नावाला बाजार हा शब्द उगीच चिकटलेला नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतले मास्तर भाजीची पिशवी घेऊन शेलूला उतरत आणि आलुबोंडा व कटचहा यांच्या साक्षीनं शिक्षणखात्याचं साप्ताहिक वार्तापत्र तोंडी प्रसिद्ध होई. कुणाची बदली होणार, कुणाची रद्द होणार, कुणाच्या पगारातून काय कापलं. ज्याची बदली तो सोडून सगळ्यांना ती आधी कळे. ऑर्डर पंधरा दिवसांनी टपालानं येई, आणि हेडमास्तर ती सूचना-वहीत अशा गंभीरपणे उतरवून काढत, की जणू ब्रह्मदेवानं आत्ताच सांगितलं.

आता ही वही आली कुठून? याचा माग काढत गेलं तर आपण थेट इंग्लंडात पोहोचतो. 1862 साली तिथं रॉबर्ट लोव नावाच्या गृहस्थांच्या कारकीर्दीत शाळांसाठी नवी नियमावली निघाली. मुलं हजर किती आणि वाचन, लेखन, गणितात पास किती, यावर शाळेचं अनुदान ठरायचं. निकाल दाखवा, पैसे घ्या. त्याच नियमावलीनं हेडमास्तरांच्या हाती लॉगबुक नावाची वही दिली. कोण मास्तर आला, कोण गेला, कोण आजारी, कुणाला ताकीद दिली, हे तिच्यात लिहायचं. सुरुवातीला रोज, पुढं निदान आठवड्यातून एकदा. आणि एक अट अशी, की सर्वसाधारण स्वरूपाचं मत किंवा विचार तिच्यात लिहायचे नाहीत. म्हणजे काय झालं ते लिहा. बरं झालं की वाईट, ते तुमच्यापाशी ठेवा. मॅथ्यू आर्नल्ड हा कवी त्या काळात शाळा-इन्स्पेक्टरची नोकरी करत होता. त्यानं या निकाली पद्धतीवर कडाडून टीका केली. पण कवीचं इन्स्पेक्टरांतही कुणी ऐकत नाही. ती पद्धत जवळजवळ 1900 पर्यंत चालली, आणि तोवर इकडं मुंबई इलाख्यातही अनुदानाला निकालाची दोरी बांधून झाली होती.

इन्स्पेक्टरच्या हाताखालचे डेप्युटी आपल्या खेड्यात पोहोचेपर्यंत 'दिपोटी' झाले. दिपोटी येणार म्हटलं की शाळा सारवली जायची. त्यांचं जे काही समाधान व्हायचं ते शेरेबुकात दोन शब्दांत व्हायचं : 'काम ठीक'. फार प्रसन्न झाले तर 'समाधानकारक'. त्यापलीकडचं मराठी खात्याला मंजूर नसावं.

याचा अर्थ कौतुक करायची कुणाला अक्कलच नव्हती असं नव्हे. 16 नोव्हेंबर 1852 रोजी पुण्यात विश्रामबागवाड्यात सरकारनं जोतीराव फुल्यांना त्यांच्या शाळांच्या कामाबद्दल शाल दिली. शाल जोतीरावांच्या खांद्यावर पडली. रस्त्यानं शाळेत जाताना जे अंगावर पडायचं, ते सावित्रीबाईंच्या पडायचं. पुढं 1882 साली हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी निवेदन दिलं, त्यात ते मास्तराला विसरले नाहीत. खेड्यातल्या मास्तराला निदान 12 रुपये पगार द्या, मोठ्या गावात 15 ते 20 द्या. ज्याची मुलं जास्त पास होतील त्याला पगाराव्यतिरिक्त उत्तेजन म्हणून वेगळा भत्ता द्या. आणि गावात त्याची पत वाढावी म्हणून गावचे हिशेब तपासणं, दस्त नोंदवणं, पोस्टमास्तरकी, स्टॅम्पविक्री अशी कामंही त्याच्याकडे सोपवा. पुढच्या सगळ्या सरकारांनी हे निवेदन शेवटाकडून वाचायला घेतलं असावं. कामं सोपवण्यापर्यंत आले आणि तिथंच त्यांचा डोळा लागला.

1882 साली आपलं शेलू वऱ्हाडात होतं आणि वाशिम हा तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता. 1905 मध्ये तो मोडून मंगरूळ तालुका अकोल्याला जोडला. मध्यप्रांत-वऱ्हाड झालं, 1956 मध्ये मुंबई राज्य आलं, 1960 मध्ये महाराष्ट्र. 1 मे 1962 पासून शाळा जिल्हा परिषदेची. 1 जुलै 1998 ला वाशिम पुन्हा जिल्हा. गाव जागचं तसूभर हललं नाही, पण पत्राच्या माथ्यावरचा मजकूर मात्र सारखा बिऱ्हाड बदलत राहिला. सूचनांचा मजकूर बदलण्याचं कारण नव्हतं. 'तरी सर्वांनी नोंद घ्यावी' हे वाक्य इंग्रजाचं राज्य गेलं तरी राहिलं.

वहीत मजकूर दोन तऱ्हेचा असे, असं मी वर म्हटलं. तिसऱ्या तऱ्हेचा मी एकदाच पाहिला. दुसरीत एक पोरगं होतं. दोन वर्षं त्याच वर्गात. तोंडातून अक्षर फुटत नसे. बापाचं म्हणणं, "बाई, राहू द्या, ढोरामागं जाईन थो." आई मधल्या सुट्टीत त्याला घेऊन बसे. पुस्तकावर त्याचा राग होता, म्हणून आगपेटीवरची अक्षरं, खताच्या पोत्यावरची, एस.टी.च्या पाटीवरची. दिवाळी झाली, संक्रांत झाली. आणि एका शनिवारी मी वही घेऊन निघालो, तर रजा आणि अल्पबचत यांच्या खाली हेडमास्तरांनी तिसरी सूचना लिहिलेली : दुसरीतला अमुक विद्यार्थी वाचू लागला आहे. सर्व शिक्षकांनी आज सवडीनं जाऊन ऐकून यावं.

आमचे हेडमास्तर मोठे तिरसट. त्यांच्या तोंडून बरा शब्द ऐकलेला माणूस गावात नव्हता. मी वही फिरवली. सगळ्यांनी सह्या केल्या. आणि एकेक करून सगळे दुसरीच्या दाराशी येऊन उभे राहिले, न वाचता सही ठोकणारे गुर्जीसुद्धा. ते पोरगं एस.टी.च्या कंडक्टरसारखं मोठ्यानं वाचत होतं, 'मंगरूळपीर', 'कारंजा', 'मालेगाव'. आई खिडकीकडं तोंड करून उभी होती. चौथीतलं पोरगं मी, मला वाटलं, रागावली.

दोन महिन्यांनी तपासणी झाली. साहेबांनी सूचना-वही उलटसुलट चाळली आणि शेरेबुकात लिहिलं, सूचना-वहीत असंबद्ध मजकूर लिहू नये. आता मला कळतं, की साहेबांनी स्वतःच्या मनचं काही लिहिलं नव्हतं, 1862 सालचंच कलम होतं ते. हेडमास्तरांनी तो शेरा पुढच्या शनिवारी सूचना म्हणून वहीत उतरवला आणि खाली लिहिलं, सर्वांनी नोंद घ्यावी. सर्वांनी घेतली. आईनंही. ठसा उमटला.

पुढं उद्दिष्टं वाढत गेली. आणीबाणीत कुटुंबनियोजनाच्या केसेस मास्तरांच्या गळ्यात आल्या. आई त्याविषयी घरात अवाक्षर बोलत नसे, म्हणून मीही इथं थांबतो. डिसेंबर 1977 ते फेब्रुवारी 1978 सरकारी कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा 54 दिवसांचा संप झाला. सूचना-वहीच्या आयुष्यातली तेवढीच काय ती दीर्घ विश्रांती. 1995 मध्ये 80 टक्के हजेरी असणाऱ्या मुलाला महिन्याला 3 किलो तांदूळ मिळू लागला आणि मास्तरांना तराजूही आला. आई तोवर निवृत्त झाली होती. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन. तीस वर्षं घंटेच्या ठोक्यावर चाललेल्या बाईला लोक घड्याळ का देतात, हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

कौतुकाचंही नंतर खातं निघालं. राष्ट्रीय पुरस्कार 1958 पासून, 5 सप्टेंबरचा शिक्षकदिन 1962 पासून. राज्याचा पुरस्कार आता सावित्रीबाईंच्या नावानं देतात, हे मात्र फार चांगलं झालं. अडचण एवढीच, की पुरस्कारासाठी प्रस्ताव लागतो, आणि आपण किती थोर आहोत याची फाईल बहुधा आपणच बांधावी लागते. 2018 पासून राष्ट्रीय पुरस्कारासाठी तर शिक्षकानं स्वतःच स्वतःचं नाव ऑनलाइन सुचवायची सोय झाली. ज्याला हे जमतं त्याला शिकवायलाही जमत असेल, मी नाही म्हणत नाही. आईला डेडस्टॉकमध्ये नाव सुचवणंच सोपं गेलं असतं.

माझी भाची आज त्याच भागात शिक्षिका आहे. शेलूजवळून आता समृद्धी महामार्ग जातो. ती म्हणते, "मामा, आता वही कुठली? ग्रुप आहे." आठवड्याची सूचना फोनवर येते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून मास्तराला दुसरं काम सांगू नये असं म्हटलं आहे, पण माहिती भरणं हे काम आहे असं कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं. 2015 मध्ये 'सरल' आलं. 2016 मध्ये सोमवारी दहा-दहा मुलांबरोबर सेल्फी काढून ती चढवावी, असा आदेश निघाला. संघटनांनी ओरड केली. मग 2021 चं 'निपुण'. हे उद्दिष्ट वाईट नाही : तिसरीपर्यंत मुलाला वाचता आलं पाहिजे. आमच्या दुसरीतल्या पोराचंच ते, फक्त देशभर.

सहीची भानगड मिटली आहे. वाचलं की नाही, हे दोन निळ्या खुणा सांगतात. खडूचा ठसा त्यांच्यावर उमटत नाही. कौतुक मात्र सढळ झालंय. परवा भाचीच्या वर्गातली एक मुलगी, ऊसतोडीहून परतलेल्या घरातली, पहिल्यांदा धडधड वाचू लागली. भाचीनं तिचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. बघता बघता टाळ्या वाजवणारे सत्तावीस हात आले.

"आणि ऐकायला?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"वर्गात. तिच्यापाशी. कोणी आलं होतं का ऐकायला?"

"मामा, टाळ्यांच्या खालीच लिंक आली होती. पाच वाजेपर्यंत माहिती भरायची होती. सगळे तेच करत होते." मग जरा थांबून म्हणाली, "स्वयंपाकीण मावशी आल्या होत्या. खिचडीचा डाव हातात घेऊन दाराशी उभ्या होत्या. अर्धा तास."