चिपमधला बांध

२ नोव्हेंबर १९८८. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं एक छोटासा प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला आणि काही तासांत हजारो कॉम्प्युटर आडवे झाले. त्यातली एक युक्ती अगदी साधी होती. मेमरीत जेवढी जागा दिलीय, त्यापेक्षा जास्त मजकूर कोंबायचा. झालं, शेजारच्या जागेवर अतिक्रमण!

गावाकडच्या माणसाला हे लगेच कळेल. बांध कोरणं म्हणतात ते हेच.

गंमत म्हणजे यावरचा उपाय तेव्हाही जुनाच होता. १९६६ साली एमआयटीच्या जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी 'केपेबिलिटी'ची कल्पना मांडली. सोप्या भाषेत सांगायचं तर, प्रोग्रॅमला जागेचा नुसता पत्ता द्यायचा नाही, हक्क आणि चतुःसीमा नोंदवलेला दस्तऐवज द्यायचा. १९७०च्या दशकात केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडहॅम आणि सहकाऱ्यांनी या तत्त्वावर 'कॅप' नावाचा कॉम्प्युटर बांधून, चालवूनही दाखवला.

मग तो आपल्या घरी का आला नाही? बाजाराला वेग हवा होता, स्वस्ताई हवी होती. प्रत्येक वेळी हद्द तपासायची तर जादा सर्किट लागतं, खर्च येतो. म्हणून ती जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांवर ढकलली गेली. त्याची किंमत बघा: २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच अभियंत्यांनी सांगितलं, की त्यांना दरवर्षी बुजवाव्या लागणाऱ्या सुरक्षेच्या भोकांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकीच्या हाताळणीतून येतात.

विद्यापीठानं मात्र ती कल्पना टाकून दिली नाही. २०१० मध्ये केंब्रिज आणि एसआरआय या संशोधन संस्थेनं अमेरिकी सरकारच्या पैशावर 'चेरी' प्रकल्प सुरू केला. रॉबर्ट वॉटसन, सायमन मूर आणि १९६०च्या दशकापासून याच प्रश्नामागे असलेले पीटर न्यूमन त्यात होते. चेरीत प्रत्येक पत्त्यासोबत त्याची हद्द आणि हक्क असतात, शिवाय एक लपलेला बिट असतो. कुणी खाडाखोड केली की तो बिट उडतो आणि दस्तऐवज रद्द! जानेवारी २०२२ मध्ये आर्म कंपनीनं या तत्त्वावरचा 'मोरेलो' बोर्ड संशोधकांच्या हाती दिला. त्यामागे ब्रिटिश सरकारचाही पैसा होता.

हा रामबाण नव्हे. २०१८ मध्ये उघड झालेलं 'स्पेक्टर' प्रकरण वेगळ्या जातीचं होतं. वेगासाठी प्रोसेसर पुढचं काम अंदाजानं आधीच उरकून ठेवतो, त्यातून ते आलं. म्हणजे तिथंही घाईच नडली.

१९६६ ते २०२२. छप्पन्न वर्षं! 'विद्यापीठातल्या संशोधनाचा उपयोग काय?' असं दर बजेटला विचारणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आपल्याकडे आयआयटी मद्रासमध्ये 'शक्ती' प्रोसेसर घडतोय. त्याला आपण पहिला प्रश्न कोणता विचारणार? 'किती वेगवान?' की 'बांध किती पक्का?' फोनमधले पैसे आपलेच आहेत, तेव्हा विचार करून सांगा.