जीपच्या रेडिएटरमधले पाणी

1945 साली स्थापन झालेल्या आजच्या महिंद्र अँड महिंद्रने 1940च्या दशकाअखेर विलीज जीप जुळवायला घेतल्या. इंजिन बिडाचे, रेडिएटरमध्ये साधे पाणी. बीदर-कलबुर्गीसारख्या उष्ण भागात पाणी गोठण्याची भीतीच नाही, तेव्हा कूलंट ही चैन वाटावी. खरे नुकसान करतात ते जड पाण्यातले क्षार आणि गंज. म्हणून कूलंट: इथिलीन ग्लायकॉल व शुद्ध पाण्याचे निम्मे-निम्मे मिश्रण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही, उकळतेही उशिरा. उष्णता वाहून नेण्यात मात्र निव्वळ पाणीच सरस. कूलंट भरण्याआधी नव्याने बांधलेल्या जीपच्या इंजिनाचा ब्लॉक धुतात. सिलिकेटयुक्त आणि सेंद्रिय आम्लांचे कूलंट एकत्र करणे टाळावे. भरल्यावर इंजिन चालवून अडकलेली हवा काढतात. थर्मोस्टॅट उघडला की पातळी उतरते, ती इंजिन थंड झाल्यावरच पुरी करतात.